पंचावन्नाच्या आत

वीब्केनं प्लमचा केक आणला होता, तोही मोठा ट्रे भरून. तेव्हाच रोस्विता टेरहोर्स्टच्या मनात आलं, हिला काहीतरी मागायचं आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी टेरहोर्स्टांच्या नर्सरीत कुणी काही मागायला येत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी मुकाट्यानं कामाला बसायचं, ही वडिलांच्या वेळेपासूनची रीत. सर्व संतांचा दिवस, एक नोव्हेंबर, जवळ आलेला असतो. गावातली एकूण एक कबर त्या दिवसापर्यंत फर झाडाच्या फांद्यांनी झाकलेली आणि सजलेली हवी, आणि गावातल्या निम्म्या कबरी रोस्विताच्या गळ्यात. म्हणून शेडमधल्या लांब टेबलाभोवती घरातली सगळी माणसं येऊन बसत. कुणी तार वळायचं, कुणी शेवाळ लावायचं, कुणी रिबिनी कापायचं. रोस्विताचा नवरा सकाळपासून व्हॅन घेऊन दफनभूमीच्या खेपा घालत होता. अजून चाळीस पुष्पचक्रं बांधायची राहिली होती, आणि भावजय एक तास आधीच येऊन समोर उभी होती.

"दोन मिनिटं बोलायचं होतं," वीब्के म्हणाली.

"बोल की. पण हात चालू दे."

वीब्के स्टुलावर टेकली आणि डाव्या हातानं शेवाळाचे पुंजके वेगळे करू लागली. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला दानुता काम करत होती. गेली अकरा वर्षं ती मार्चमध्ये पोलंडहून इथं जर्मनीत यायची आणि नाताळाआधी परत जायची. तिचं एक पुष्पचक्र बांधून होईपर्यंत इतरांचं निम्मं होत असे. तिला सगळं ऐकू येत होतं आणि ती ऐकत नसल्यासारखं दाखवत होती.

"जानेवारीपासून आरोग्य विमा पुन्हा वाढतोय," वीब्के म्हणाली. "परवाच कागद आला. आम्हा दोघांचे मिळून महिन्याला सतराशे युरो. घरभाडंसुद्धा एवढं नाही आमचं."

"लाम्बर्टला सांग. तुझ्या दिरानंच विकलाय तो."

"त्यानं काय सांगायचं ते आठ वर्षांपूर्वीच सांगून झालं. हप्ता कमी करायचा तर वर्षाचे पहिले पंधराशे स्वतःच्या खिशातून भरायचे कबूल करा म्हणाला. आजारपणात रोजचे पैसे मिळायचे, ते कलम काढून टाका म्हणाला. आम्ही काढलं. आणि एप्रिलमध्ये आन्सगारची पाठ गेली."

ती गोष्ट रोस्विताला माहीत होती. घरातलं एकही जेवण त्याशिवाय पार पडलं नव्हतं. आन्सगार, तिचा मधला भाऊ, मोठमोठ्या बंगल्यांच्या बागा आखून देणारा. एप्रिलमध्ये एका गिऱ्हाइकाच्या अंगणात तो वाकला तो सरळ झालाच नाही. खाजगी विमा असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्याला स्वतंत्र खोली मिळाली. ऑपरेशन विभागप्रमुख प्रोफेसरांनी जातीनं केलं, आणि रोज सकाळी ते स्वतः येऊन 'कसं काय, टेरहोर्स्टसाहेब' असं विचारून गेले. नऊ दिवस तो राजासारखा राहिला. दहाव्या दिवशी कळलं, की पाठ पुन्हा चालती करायला तीन आठवडे पुनर्वसन केंद्रात राहावं लागतं आणि त्याच्या पॉलिसीत ते बसत नाही. मग घरीच वीब्केनं त्याचे मोजे चढवले आणि बूट बांधले. चार महिने त्याला काम नव्हतं, आणि कामाशिवाय पैसा नव्हता.

"एकोणीस नोव्हेंबरला तो पंचावन्नचा होतो," वीब्के म्हणाली. "त्याच्या आत तो कुठंतरी पगारी नोकरीला लागला, म्हणजे खरीखुरी नोकरी, दिवसातला मुख्य वेळ तिथंच, तर सार्वजनिक विम्याला, जिथं हप्ता पगारावर ठरतो तिथं, त्याला घ्यावंच लागतं. पंचावन्न उलटले की दार बंद. मग मरेपर्यंत ह्यातच राहायचं. तो तिकडे गेला की मीही त्याच्या मागून जाते, वेगळं काही न भरता."

"आणि नोकरी माझ्याकडं."

"तूच म्हणाली होतीस, जानेवारीपासून वर्षभराचं एक माणूस ठेवणार आहेस म्हणून."

रोस्वितानं तार इतकी ओढली की तुटली. पंचवीस वर्षं होती ह्यांच्याकडं. पंचवीस वर्षांत ह्यांना कुठला शुक्रवार सापडला, तर हा.

"वीब्के, ती जागा दानुताची आहे. मी तिला शब्द दिलाय. आणि तुझ्या नवऱ्याला दहा किलोच्या वर उचलायला बंदी आहे. विमावाले विचारतात, मालकाशी नातं काय, काम काय, आधी ते काम कोण करायचं. वाकता न येणारा माळी ठेवलाय असं मी लिहून देऊ? खोटी नोकरी निघाली तर उत्तर मला द्यावं लागेल. नर्सरी माझ्या नावावर आहे."

"मला माहीत होतं तू असं म्हणशील."

"मग आलीस कशाला?"

वीब्केनं शेवाळाचा एक पुंजका पुढं सरकवला. मग म्हणाली, "दुसरं कुणाकडं जायचं ते सुचलं नाही म्हणून."

रोस्वितानं तुटलेली तार बाजूला टाकली आणि नवी घेतली.

*

तीन वाजता आन्सगार आईला घेऊन आला, आणि त्यांच्या मागोमाग लाम्बर्ट. थोरला भाऊ लाम्बर्ट एकोणसाठ वर्षांचा, बाजारचौकात त्याचं विम्याचं ऑफिस. टायवरच एप्रन बांधून तो रिबिनी कापायला बसला, पण दर पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजे आणि तो उठून दाराशी जाई. त्याच्या ऑफिसातली बाई सप्टेंबरमध्ये निवृत्त झाली होती. तेव्हापासून दोन महिने घरातल्या प्रत्येक माणसाला तो ऐकवत होता, की फोन उचलायला धड माणूस मिळत नाही.

आन्सगार उभ्यानंच काम करत होता. फार वेळ बसवत नसे त्याला. तरी त्यानं बांधलेलं पुष्पचक्र सगळ्यात देखणं होतं, हे रोस्विताला दिसलं आणि नेहमीसारखा रागही आला. अठ्ठाविसाव्या वर्षी ह्याच शेडमध्ये उभा राहून तो वडिलांना म्हणाला होता, मेलेल्या माणसांसाठी रांगेत फुलझाडं लावण्यात मला जन्म घालवायचा नाही. त्यानंतर दोन वर्षं वडील त्याच्याशी बोलले नाहीत आणि नर्सरी रोस्विताच्या नावावर झाली. तेव्हा ती पंचवीसची होती. तुला हवी आहे का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं.

कॉफी ओतून झाली, केक वाटून झाला. हेडविग, त्र्याऐंशी वर्षांची त्यांची आई, काटा खाली ठेवून सहज म्हणाली, "रोस्विता, जानेवारीतली ती जागा तू आन्सगारला देऊन टाक."

दानुता मान खाली घालून तार वळत राहिली.

"कुठली जागा?" आन्सगारनं विचारलं.

"आई," रोस्विता म्हणाली, "हे कुणी सांगितलं तुला?"

"वीब्केनं सांगितलं. मंगळवारी फोनवर. चांगली कल्पना आहे. पोराला विमा मिळेल, तुला हक्काचं माणूस मिळेल."

आन्सगारनं बायकोकडं पाहिलं. "तू सगळ्यांना सांगत हिंडतेयस?"

"तू कुणालाच सांगत नाहीस म्हणून," वीब्के म्हणाली. "तीन आठवडे राहिलेत. विषय काढला की तू उठून गाडी धुवायला जातोस."

"मी हिच्याकडं नोकरी मागणार? हिच्याकडं?"

"काळजी करू नकोस," रोस्विता म्हणाली. "मी देतही नाहीये."

"का नाही देत?" आई म्हणाली. "भाऊ आहे तुझा."

"ती जागा दानुताला दिली आहे, आई. दानुता इथं बसली आहे. तुझ्यासमोर."

"मला दिसतंय. दानुता समजूतदार आहे. ती आणखी एक वर्ष थांबेल."

सगळ्यांनी दानुताकडं पाहिलं. तिनं पुष्पचक्र फिरवून पाहिलं, एक फांदी नीट खोचली आणि म्हणाली, "मी सत्तेचाळीसची आहे, टेरहोर्स्टबाई. मी पण म्हातारीच होतेय."

आईनं केकचा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. तेवढ्यात लाम्बर्टचा फोन वाजला, आणि सुटल्यासारखा तो उठला.

"बस खाली," आन्सगार म्हणाला. "नाहीतरी सगळे जमलेच आहेत. तूच सांग ह्यांना, मी इथवर कसा आलो."

"मी सांगू? सही तू केलीस," लाम्बर्ट म्हणाला, पण बसला. फोन वाजून वाजून थांबला. "एकोणतीस वर्षांचा होतास. सार्वजनिक विम्यापेक्षा निम्मा हप्ता होता. मोठे डॉक्टर, स्वतंत्र खोली, रांग नाही. तुला ते सगळं हवं होतं."

"पुढं दर दोन वर्षांनी चढत जातो, हे नाही सांगितलंस."

"सांगितलं होतं. पंचावन्नाचंही सांगितलं होतं. ह्याच टेबलावर. तू हसलास. पंचावन्नचा होईन तेव्हा मी फ्रान्समध्ये लॅव्हेंडर लावत असेन म्हणालास."

आन्सगार एका फांदीचं टोक छाटायला लागला. म्हणजे म्हणाला होता. रोस्वितालाही ते आठवत होतं. त्या वयात तो फ्रान्सबद्दल फार बोलायचा.

"आणि पुनर्वसन?" वीब्केनं विचारलं. "ते सांगितलं होतंस? चाकूचे पैसे देतात आणि चालायला शिकवायचे देत नाहीत, हे आम्हाला दवाखान्यात कळलं."

"जुनी पॉलिसी आहे. त्या वेळच्या बऱ्याच पॉलिसींत नव्हतं ते. वाढवून घेता आलं असतं, पण मग आरोग्याची माहिती नव्यानं द्यावी लागते, आणि तोवर ह्याच्या पाठीचं..." तो थांबला. "हे बघा, वाईट वस्तू नव्हती ती. कुणाकुणाला फार चांगली पडते."

"तुझी कुठली आहे?" आईनं विचारलं.

"काय कुठली?"

"तुझी पॉलिसी. तूही स्वतःचाच धंदा करतोस. तुझीही हीच असेल ना?"

लाम्बर्टनं एप्रनवरचं शेवाळ झटकलं. मग एक रिबीन उचलली, तिची टोकं जुळवली. पन्नास वर्षं रोस्विता ह्या माणसाला ओळखत होती. तो रिबीन जुळवायला लागला म्हणजे उत्तर सरळ येणार नव्हतं.

"मी सार्वजनिकमध्ये आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?" आन्सगारनं विचारलं.

"पहिल्यापासून. मला तीन मुलं होती, आन्सगार. तिथं मुलांचा वेगळा हप्ता नाही, बायकोचा नाही. खाजगीत प्रत्येकाचा वेगळा. हिशेबच तसा होता. तुला मुलं नव्हती. तुझा हिशेब वेगळा होता."

आन्सगारनं पुष्पचक्र टेबलावर ठेवलं, अगदी हळू, काडीही न हलवता. "पंचवीस वर्षं," तो म्हणाला, "मी समजत होतो, तुझ्यासारखंच माझंही आहे." आणि पाठीला हात लावून तो शेडबाहेर गेला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. आई लाम्बर्टला म्हणाली, तू हे सांगायला हवं होतंस. लाम्बर्ट आईला म्हणाला, तूच म्हणायचीस, पोरगा स्वतंत्र झालाय, त्याला काहीतरी चांगलं घेऊन दे. वीब्के म्हणाली, भांडणं नंतर करा, मला फक्त एकोणीस तारीख दिसतेय. आई परत रोस्विताकडं वळली, की शेवटी तुझ्याच हातात आहे, तू नाही म्हणालीस तर भाऊ रस्त्यावर येईल. वडील गेल्यापासून हेच चाललं होतं. कुणाचंही काही बिघडलं, की शेवटी सगळ्यांचे चेहरे तिच्याकडं वळायचे. लाम्बर्टच्या घटस्फोटात वळले, आईच्या मांडीच्या हाडाच्या वेळी वळले. तिच्या हातात नेहमी माती किंवा तार असायची आणि नाही म्हणायला हात मोकळा नसायचा.

लाम्बर्टचा फोन पुन्हा वाजला.

"उचलू नकोस," रोस्विता म्हणाली. "तुझ्या ऑफिसात फोन उचलायला माणूस नाही. दोन महिने ऐकतेय मी."

"हो, पण..."

"खुर्ची आहे. टेबल आहे. सप्टेंबरपर्यंत तिथं बाई बसत होती, तिचा पगार निघत होता. दहा किलो उचलायचं काही नाही. खोटंही काही नाही. उभ्यानं काम करायचं टेबल घे, त्याला बसवत नाही."

लाम्बर्ट तिच्याकडं बघत राहिला. "आन्सगार? विम्याच्या ऑफिसात? रोस्विता, तो माझी सगळी गिऱ्हाइकं पळवून लावेल."

"लावू दे थोडी."

"त्याला तो धंदा आवडत नाही."

"मलाही हा आवडत नव्हता," रोस्विता म्हणाली.

आईनं चमकून तिच्याकडं पाहिलं. रोस्विता तोवर उठली होती.

*

आन्सगार काचघरात हीदरच्या फुलझाडांच्या कुंड्यांच्या रांगेपाशी उभा होता. गुलाबी आणि पांढऱ्या फुलांच्या कुंड्या आलटून पालटून मांडलेल्या होत्या. त्यानं तीन कुंड्या उचलून पांढऱ्या एकीकडं केल्या होत्या.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "ऑर्डरप्रमाणे लावल्यात."

"पांढऱ्या एकत्र बऱ्या दिसतात."

"माहीत आहे. लोकांना आलटून पालटून हव्या असतात."

त्यानं कुंड्या परत जागच्या जागी ठेवल्या. तिनं लाम्बर्टच्या ऑफिसाचं सांगितलं, थोडक्यात, एका दमात. त्यानं ऐकून घेतलं.

"त्याच्या हाताखाली," तो म्हणाला.

"हो."

"त्यानं मला ते विकलं आणि स्वतः घेतलं नाही. आणि आता मी तिथंच बसून ते विकायचं."

"फोन उचलायचा. विकायला तो आहे."

"आणि माझं काम? मी बागा आखतो, रोस्विता. पंचवीस वर्षांचं नाव आहे माझं."

"ते संध्याकाळी कर. शनिवारी कर. एप्रिलपासून किती बागा आखल्यास?"

त्यानं एका कुंडीतली माती अंगठ्यानं दाबली. तिलाही ते विचारल्याचं वाईट वाटलं, पण तेवढंच. मघापासून तिच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं.

"वीब्केच्या हाताला काय झालंय?" तिनं विचारलं.

"कुठल्या हाताला?"

"उजव्या. दुपारपासून तो पोटाशी धरून बसली आहे. केक डाव्या हातानं कापला. कोट काढताना दानुतानं मदत केली तिला. खांद्याच्या वर हात जात नाही तिचा."

आन्सगार तिच्याकडं बघतच राहिला. काचेतून पलीकडची शेड दिसत होती. वीब्के फांद्यांचा भारा टेबलावर ठेवायचा प्रयत्न करत होती, डाव्या हातानं आणि गुडघ्यानं. लाम्बर्टनं उठून तो तिच्याकडून घेतला.

"मला काही बोलली नाही," तो म्हणाला.

"तुझ्या पाठीच्या दुखण्यात स्वतःचं काय बोलणार ती. आणि डॉक्टरकडं गेली की पहिले पंधराशे तिच्याच खिशातून जाणार. तुझे तर गेलेच आहेत."

तो काचेजवळ गेला. एप्रिलपासून रोज सकाळी ह्याच हातांनी तिनं त्याचे बूट बांधले होते. ते त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि तिथंच थांबलं.

"मी विचारलंच नाही," तो म्हणाला. आणि मग, "मी गेलो की तीही येते ना त्यात? नक्की?"

"तिनंच सांगितलं मला. तिनं सगळं वाचून ठेवलंय. तूच वाचलं नाहीस."

तो शेडमध्ये परत गेला. रोस्विता मागं थांबली. आत काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की आन्सगार आधी बायकोपाशी गेला आणि तिचा कोट त्यानं तिच्या खांद्यावर अलगद ठेवला, मग लाम्बर्टपाशी जाऊन उभा राहिला. लाम्बर्ट बसलेला आणि आन्सगार उभा. लाम्बर्टच मान वर करून बोलत होता. दोघांपैकी कुणी हात पुढं केला नाही. पण थोड्या वेळानं लाम्बर्टनं खिशातून पेन काढलं आणि रिबिनीच्या गुंडाळीच्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं.

काम रात्री आठला संपलं. जाताना आई गाडीत बसता बसता रोस्विताला म्हणाली, "आवडत नव्हता, हे तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं असतं तर बोलले असते."

"मग आता?"

"आता उशीर झाला, आई. आता मला ह्यातलं सगळं येतं." तिनं गाडीचं दार लावलं. चिडूनच लावलं, पण आईच्या कोटाचं टोक आधी आत घेतलं.

*

सोमवारी, नोव्हेंबरच्या तीन तारखेला, आन्सगार नोकरीला लागला. विम्याचा अर्ज आठ पानी होता. मालकाशी नातं: भाऊ. आधी हे काम कोण करत होतं: निवृत्त कर्मचारी, नाव आणि तारीख सोबत. कामाचे तास, पगार, रजा, सगळं. लाम्बर्टनं तो स्वतः भरला, आणि वीब्केनं दोनदा तपासला, कारण लाम्बर्टच्या भरलेल्या कागदावर तिचा विश्वास राहिला नव्हता. तिनं दोन चुका काढल्या. पंधरा दिवस काहीच उत्तर आलं नाही. आईनं रोज सकाळी फोन करून विचारलं, आणि रोज सकाळी रोस्वितानं तेच सांगितलं, मला काय माहीत, मी दफनभूमीत आहे.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पत्र आलं. दोघांनाही घेतलं होतं, तीन तारखेपासून.

वाढदिवसाला लाम्बर्टही गेला. दोघं भाऊ एकमेकांशी हवामानाबद्दल बोलले आणि उभ्यानं काम करायच्या टेबलाच्या उंचीबद्दल वाद घातला. वीब्के म्हणाली, एवढं तरी पुष्कळ झालं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रोस्विता आणि दानुता दफनभूमीच्या खालच्या भागात वाळलेली पुष्पचक्रं गोळा करत होत्या. दानुताच्या करारावर आदल्याच दिवशी सह्या झाल्या होत्या. जमीन कडक झाली होती आणि रोस्विताचा गुडघा ठणकत होता. एवढ्यात खिशातला फोन वाजला. आन्सगार होता.

"मी वीब्केसाठी तिकडं फोन केला," तो म्हणाला. आवाज कमालीचा तापलेला. "प्रोफेसरांच्या दवाखान्यात. माझं ऑपरेशन झालं त्याच. एप्रिलमध्ये मला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. आता फोनवरच्या मुलीनं विचारलं, विमा कुठला. मी सांगितला. तर म्हणते, सहा मार्च. ऐकतेयस तू? सहा मार्च. तिला हात वर करता येत नाही, आणि ती मला सांगते, सहा मार्चला सकाळी पावणेआठ."

"ऐकतेय."

"म्हटलं, मी तुमचा जुना पेशंट आहे. म्हणते, हो, पण तेव्हा तुम्ही खाजगी होतात. तसंच म्हणाली, तोंडावर. मग गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडं केला, तो तर नवीन पेशंट घेतच नाही. हे असंच असतं का?"

"असंच असतं. गुडघ्यासाठी मी चौदा आठवडे थांबले होते."

"चौदा? तू कधी बोलली नाहीस. मग काय केलंस?"

"थांबले," रोस्विता म्हणाली. "तोपर्यंत फिजिओ लिहून मागा घरच्या डॉक्टरकडून, तो देतो. आणि त्या मुलीला सांग, कुणी रद्द केलं तर आम्हाला बोलवा. दर सोमवारी फोन कर. आठच्या आधी. गोड बोल."

पलीकडं मागून लाम्बर्टचा आवाज आला, दुसऱ्या लाइनवर कोण आहे ते बघ म्हणून, आणि आन्सगार त्याला म्हणाला, बघतो, एक मिनिट थांब. मग पेनची करकर ऐकू आली.

"सहा मार्च," तो म्हणाला. "पावणेआठ. लिहून घेतलं. सोमवारी आठच्या आधी." आणि फोन ठेवताना जरा खालच्या आवाजात, "घरच्या डॉक्टरचं वीब्केला आजच सांगतो."

रोस्वितानं फोन खिशात घातला. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि तिला हसू यायला लागलं. आवरेना ते. ऑक्टोबरपासून ती हसलीच नव्हती बहुतेक.

दानुता हातगाडी थांबवून बघत होती. "काय झालं?"

"काही नाही," रोस्विता म्हणाली. "माझा भाऊ. आमच्यासारखा रांगेत उभा राहिलाय."